विहिरीकडची बाजू

काप ओला करायचा आणि वाळू द्यायचा. फडक्याने पुसायचा नाही, फुंकर मारायची नाही. पाणी कडेकडून उडत जातं, दगडाचे रंग पुन्हा फिके होतात, आणि सगळा काप वाळला तरी एखादी केसासारखी रेघ ओलीच राहते. ती चीर. पाणी तिथे आत शिरून बसलेलं असतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी जातं. नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही ते दगड वाळताना दाखवतो. त्यासाठी पाच मिनिटं हात बांधून बसावं लागतं.

मी हे शिकले एक काप गमावून. त्याची हकिगत पुढे येईल.

माझ्याकडे दोनशेच्या वर काप आहेत. छंद असलेली मंडळी स्लॅब म्हणतात, गुजरातेतल्या खंबायतेचे कारागीर आपापल्या बोलीत आणखी काही म्हणतात, मला काप हाच शब्द बरा वाटतो. सुरण कापावा किंवा कवठ फोडावं तसा अख्खा गोटा करवतीखाली गेल्यावर हाती येतो तो काप. जाडी साधारण सहा मिलिमीटर. त्याहून पातळ असला तर त्यातून लॉकेटचा खडा घडवताना घुमट येत नाही, आणि त्याहून जाड ठेवला तर गोट्यातून एक काप कमी निघतो. सगळे काप लोखंडी कपाटाच्या खणांत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून उभे ठेवलेले आहेत. आडवे रचले तर वरच्याच्या वजनाने खालचा तडकतो. प्रत्येकावर चिठ्ठी आहे: कुठला, कधीचा, कोणी दिला. एका चिठ्ठीवर एवढंच आहे: ‘७२ ची विहीर, काप तिसरा.’

ती विहीर माझ्या मामाची, पैठण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातली माणसं रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडत होती, सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत होती. मामाने तेव्हा आजोबांची जुनी विहीर आणखी खोल न्यायचं ठरवलं. वरचा मुरूम गेला, मग मांजऱ्या दगड लागला, मग सुरुंग. घमेली भरभरून दगड वर आला, पाणी नाही आलं. त्या ढिगाऱ्यात मामाला एक गोटा दिसला. मोठ्या कवठाएवढा, तसाच खडबडीत, वरून हिरवट. बाकीच्या काळ्या दगडांपेक्षा वेगळा लागला म्हणून त्याने तो बाजूला ठेवला. पुढे चाळीसेक वर्षं तो गोटा ओसरीवरच्या दाराला टेकण म्हणून होता. सुट्टीत आम्ही भावंडं त्याला अडखळत असू.

मामा सत्तरीत असताना एकदा म्हणाला, “तू एवढे दगड कापत असतीस. हा बी ने की. काय निघतंय ते बघू तरी.”

दख्खनचा पठारी दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. आंबवलेल्या पिठात बुडबुडे अडकावेत तशा त्यात वाफेच्या पोकळ्या राहिल्या. पुढे फार फार काळ त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिलं, आणि पाण्यातून आलेली सिलिका भिंतीवर थर देत गेली. पहिला थर भिंतीला चिकटून, दुसरा त्याच्या आत, तिसरा त्याच्याही आत. लोहाचा अंश असेल तिथे तांबूस, नसेल तिथे राखी किंवा दुधी. हाच अकीक. इतके सारखे, इतके बारीक थर नेमके कसे बसत गेले यावर शास्त्रज्ञांचं अजूनही एकमत नाही, आणि मला त्याचं बरं वाटतं. लाव्हा झिजून माती होतो, अकीक झिजत नाही. म्हणून नांगराच्या फाळाला आणि नदीच्या पात्रात गारगोट्या सापडतात. अकीकाचे थर बाहेरून आत वाढतात, झाडाची वर्तुळं आतून बाहेर. कापाच्या मधोमध जे असतं ते सगळ्यात शेवटचं, आणि कडेची हिरवट साल सगळ्यात जुनी. ती लाव्ह्याच्या भिंतीला लागून होती. हा उलटा क्रम मला समजायला वेळ लागला आणि त्यावरच पुढचं सगळं ठरलं.

पैठणच्या गारगोट्यांना इतिहासही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. ‘पेरिप्लस’ नावाने ती ओळखली जाते. त्यात पैठण आहे आणि तेरही आहे. पैठण भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येतो, असं तो सांगतो. सातवाहनांच्या राजधानीहून निघालेल्या त्या बैलगाड्या मी अनेकदा डोळ्यांसमोर आणते. मामाच्या गोट्याचे भाऊबंद त्यात असणार. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळातले मणी ठेवलेले आहेत. ते काचेपलीकडे पाहताना मी नेहमी एकाच गोष्टीवर अडते: या प्रत्येक मण्यासाठी कोणीतरी एक गोटा फोडायचं ठरवलं होतं.

मीही त्याच वाटेने गेले, बैलगाडीऐवजी रेल्वेने. गोटा पिशवीत घेऊन खंबायतेला. माझ्या घरच्या करवतीचं पातं एवढ्या गोट्याला पुरत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पहिला काप आपल्या हातून घ्यायचं धैर्यही नव्हतं.

खंबायतेचं अकीकाचं काम हडप्पाच्या काळापासून चालत आलेल्या कसबाचं आजचं रूप आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी इथल्या कारागिरांशेजारी बसून हडप्पाचे मणी कसे घडत असतील ते समजून घेतलं. रतनपूरच्या खाणींतला मळकट पिवळा दगड आधी उन्हात ठेवतात, मग मातीच्या मडक्यात घालून मंद भाजतात. दगडातल्या लोहाचं रूप त्या आचेने बदलतं आणि पिवळा दगड लाल होऊन बाहेर येतो. मग जमिनीत रोवलेल्या अणकुचीदार लोखंडी सळईवर दगड टेकवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने हलका घाव घालायचा. लोखंडी हातोडा चालत नाही, त्याने दगड भलतीकडेच फुटतो. शिंग थोडं लवतं, म्हणून कपची सळईच्या टोकाकडून निघते. ज्या कारागिराकडे मी गेले ते साठीच्या पुढचे होते. बोलता बोलता त्यांचे हात असे घाव घालत होते, आणि दगड न बघताही हव्या त्या आकाराकडे सरकत होता.

त्यांनी मामाचा गोटा हातात घेतला, फिरवला, नखाने टकटक वाजवला, कानाशी नेला. चीर असलेला गोटा बद्द वाजतो. हा खणखणीत वाजला. मग त्यांनी गोट्यावर कोळशाने एक रेघ ओढली आणि मला विचारलं, इथून की इथून? हिऱ्याची धार लावलेलं पातं कुठून न्यायचं हे मी ठरवायचं होतं. आत काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. एका बाजूने कापलं असतं तर पट्टे गोलाकार दिसले असते, दुसऱ्या बाजूने कापलं असतं तर लांबट. जे चित्र निवडू ते मिळणार, दुसरं कायमचं जाणार. अख्खा ठेवला तर सगळी चित्रं आत शाबूत, पण एकही कोणाच्या दृष्टीला पडणार नाही. मी बोट ठेवलं. त्यांनी पाण्याचा नळ सोडला.

करवतीखालून पहिला काप सुटतो त्या क्षणाला मी आयुष्यातल्या फार थोड्या गोष्टींच्या बरोबरीने ठेवते. साडेसहा कोटी वर्षांत त्या पृष्ठभागावर कधी उजेड पडलेला नव्हता. कडेला हिरवी साल, मग राखाडी-निळसर पट्टे, इतके बारीक की मोजता मोजता नजर घसरावी. त्यानंतर एकच तांबडी रेघ, सुईने ओढल्यासारखी. तिच्या आत दुधी पट्टा आणि अगदी मधोमध स्फटिकांची छोटी पोकळी. कारागीर कापावरचं पाणी अंगठ्याने निपटत म्हणाले, “अच्छा है.” दुसरं काहीच बोलले नाहीत.

तीन काप निघाले आणि दोन टोकांच्या दोन वाट्या. त्या दुकानात मला खोकल्याचे आवाजही ऐकू आले, आणि ते इथे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. अकीक म्हणजे सिलिका. तो कोरडा घासला की त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, ज्यावर औषध नाही. खंबायतेच्या आसपास या आजाराने अनेक घरांतली कर्ती माणसं गेली आहेत. त्यात घासणारे आहेत, आणि घासणाऱ्यांच्या शेजारी नुसती राहणारीही. चार पैशांच्या माळेतल्या मण्यामागे हे आहे. म्हणून काप कापायचा की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी केवळ सौंदर्याचा उरला नाही. माझ्या घरी प्रत्येक चाकावर पाणी असतं आणि तोंडाला मुखपट्टी असते. ज्या कापातून काही खास निघणार नाही तो मी हौस म्हणून घासत नाही.

पहिला काप मी मामाला दिला. त्याने तो ओसरीच्या खिडकीत, गजांना टेकून उभा केला. सकाळी ऊन त्यातून यायचं, भिंतीवर तांबडी रेघ उमटायची. “पाणी नव्हतं लागलं,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “हे लागलं.” दोन वर्षांनी मामा गेला. काप अजून त्याच खिडकीत आहे.

दुसरा मी गमावला. मामाच्या वर्षश्राद्धाला मामीसाठी लॉकेट न्यायचं असं ठरवलं, आणि दिवस थोडे उरलेले. कापावर अंडाकृती आखली, कापून घेतली, लाखेने काडीवर बसवली आणि चाकाला लावली. ऐंशी ग्रिटच्या भरड चाकावर सगळं ठीक होतं. दोनशेवीसच्या चाकावर आकार आला, घुमट आला, तांबडी रेघ बरोबर मधोमध. मग एक बारीक टक् असा आवाज झाला आणि अर्धा खडा उडून भिंतीवर आपटला. तुटलेल्या कडेवर जुना गंज चढलेला होता. म्हणजे चीर आधीपासूनच होती, कदाचित १९७२ च्या सुरुंगापासूनची. मी काप ओला करून पाच मिनिटं पाहिलं असतं तर ती दिसली असती. मामी काही बोलली नाही. तिला लॉकेटचं ठाऊकच नव्हतं. पण मला ते अर्धे तुकडे कपाटात ठेवतानाही हात कापल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून तिसऱ्या कापाला मी हात लावला नव्हता.

काप जमवणाऱ्यांत दोन तट असतात. एक म्हणतो, काप ही वाटेतली पायरी आहे, त्यातून खडा घडला, तो कोणाच्या गळ्यात गेला, तरच दगडाचं सोनं झालं. दुसरा म्हणतो, हात लावू नका, ही खाण संपली, असा काप पुन्हा मिळायचा नाही. अमेरिकेतल्या ओरेगनच्या मॉरिसोनाइटसारखे जास्पर आता जुन्या साठ्यांतूनच फिरतात, आणि त्यांचे काप विकत घेणारे बहुतेक जण ते कधीच कापत नाहीत. मी दोन्ही तटांत राहून पाहिलं. काही बाबतीत प्रश्नच नसतो. ज्या अकीकाच्या पोकळीत पाणी अडकून राहिलं आहे आणि हलवलं की बुडबुडा सरकतो, त्याच्यावर करवत चालवायचीच नाही. ते पाणी एकदा गेलं की गेलं. उलट ज्या कापात चांगला भाग टिकलीएवढाच आहे आणि बाकी सगळा मातकट, तो जपून ठेवण्यात अर्थ नाही. अडचण असते ती मधल्या कापांची, जे आहेत तसेही पुरे आहेत आणि घडवले तरी उजळतील अशांची.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हे मला किती जणांनी ऐकवलं असेल. आमच्याच घरात याला उत्तर आहे. आईच्या देव्हाऱ्यात पंचायतन आहे: शंकराचा नर्मदेतला बाण, विष्णूचा गंडकीतला शाळिग्राम, गणपतीचा शोण नदीतला तांबडा शोणभद्र, देवीसाठी सुवर्णमुखीतला दगड आणि सूर्याचा स्फटिक. डोळे-नाक कोरलेली एकही मूर्ती नाही. गावच्या देवीचाही तांदळाच आहे, शेंदराने माखलेला. ज्या माणसांनी वेरूळचा डोंगर वरून खाली कोरत नेला, त्याच मुलखातल्या माणसांनी हा तांदळा न कोरताच पुजला. म्हणजे न कोरणं हे अडाणीपण नव्हे. तोही एक निर्णय होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेला.

पण मग काप म्हणजे तांदळा का? नाही. इथे मी बराच काळ चुकत होते. कपाटातल्या कापांना मी ‘अख्खे’ म्हणत असे, जणू त्यांना कोणी हात लावलेला नाही. प्रत्येक काप हा आधीच कापलेला दगड आहे. खंबायतेत मी बोट ठेवलं तेव्हाच मोठा निर्णय झाला होता, आणि दुसरं चित्र गेलं होतं. रॉजे कायवा हा फ्रेंच लेखक अकीक, जास्पर आणि फ्लॉरेन्सच्या संगमरवराच्या घासलेल्या कापांचा मोठा संग्राहक होता. १९७० मध्ये त्याचं दगडांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं, आणि त्याचा संग्रह आता पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. त्या कापांत त्याला निसर्गाने काढलेली चित्रं दिसली. मला तीच चित्रं पाहताना करवत चालवणाऱ्याचा हात दिसतो. तो नसता तर चित्र नव्हतं.

फ्लॉरेन्समध्येच फर्दिनांदो मेदिचीने १५८८ मध्ये कठीण दगडांच्या जडावकामाचा कारखाना काढला. धनुकलीसारख्या लाकडी कमानीला लोखंडी तार ताणायची, तारेवर ओली कुरुंदाची भुकटी सोडायची आणि पातळ कापातून फुलाची पाकळी कातरून काढायची, ही त्यांची रीत. आज तिथे जुन्या कलावस्तू दुरुस्त होतात, आणि त्यासाठी मेदिचींच्या काळापासून साठत आलेला दगडांचा साठा अजून हाताशी आहे. कोणीतरी त्या वेळी एक काप पुरा वापरला नाही, उरलेला बाजूला ठेवला, म्हणून आज त्याच खाणीच्या त्याच रंगाची पाकळी पुन्हा बसवता येते. मला हे वाचल्यावर बरंच मोकळं वाटलं. कापायचा की नाही एवढाच प्रश्न नसतो. किती ठेवायचा, आणि कोणता भाग ठेवायचा, हेही असतं.

मागच्या दिवाळीत मामीचा फोन आला. नातीचं लग्न ठरलं होतं. “अगं बाई, तुझ्याकडं त्या दगडाचं काही असंल ना? पोरीला द्यावं म्हणते. खिडकीतला नगं, तो ह्यांचा हाय.”

मी तिसरा काप काढला. ओला केला, खिडकीपाशी ठेवला, बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सगळा वाळला, एकही रेघ ओली राहिली नाही. पुन्हा केला. पुन्हा तसंच. मग अॅल्युमिनियमची टोकदार कांडी घेतली. पेनाची शाई पाण्याने जाते, अॅल्युमिनियमची रेघ करवतीपर्यंत टिकते. हात सवयीने कापाच्या मधल्या भागाकडे गेला, जिथे पट्टे सगळ्यात देखणे होते आणि अंडाकृती छान बसत होती. तिथे आखलं असतं तर सुंदर खडा झाला असता, असा की तो कुठल्या दगडाचा हे कोणालाही सांगता आलं नसतं. साल गेली असती. लाव्ह्याला लागलेली कड गेली असती. उरलेल्या कापाला मधोमध भोक पडलं असतं.

मी कांडी कडेकडे नेली. सालीसकट एक लांबट तुकडा आखला: एका बाजूला हिरवी खडबडीत कड, मग राखाडी पट्टे, आणि आतल्या टोकाला तांबडी रेघ जेमतेम येईल असा. करवतीचं पातं एक मिलिमीटर खातं, ते धरून. पाणी सोडलं. पातं दगडाला टेकलं तेव्हा मी श्वास रोखला होता. तुकडा सुटून हातात आला आणि कापावर एक सरळ कड उरली. बाकी सगळा काप, पोकळीसकट, शाबूत. दोन्ही कडा जुळवून पाहिल्या तर पट्ट्यांत जराशी उडी दिसते. गेलेला मिलिमीटर करवतीखालच्या ताटलीत राखाडी गाळ होऊन बसला होता. तो मी तुळशीत टाकला नाही, कोरडा होऊ न देता चिंधीत निपटून घेतला. वाळला की पुन्हा तीच धूळ.

तुकड्याचा वरचा भाग घुमटासारखा घासला. ऐंशी, दोनशेवीस, सहाशे, बाराशे, तीन हजार, आणि शेवटी सेरियम ऑक्साइड लावलेल्या चामड्यावर. सालीला चाक लागू दिलं नाही. सोनाराला तीनदा सांगावं लागलं की ही कड झाकायची नाही. त्याने चांदीच्या तारेची कोंदणी तीन बाजूंनी केली आणि चौथी उघडी ठेवली.

मामीने ओसरीवर बसून डबी उघडली. चष्मा वर सरकवून खडा पाहिला, उन्हाकडे धरला, खिडकीतल्या कापाकडे एकदा पाहिलं. मग अंगठा कडेवर फिरवत म्हणाली, “इथं खडबडीत ऱ्हायलंय गं.”

“ती विहिरीकडची बाजू आहे, मामी.”

तिने अंगठा काढला नाही.